दहा-बारा घरांनी मिळून शेतीचा हिशोब कसा ठेवायचा: वहीपासून एकरी खर्चापर्यंत

शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही म्हणून शेतीला हिशोबही नाही, अशी आपल्याकडची गत आहे. कुणालाही विचारा सोयाबीन कसं झालं, तर उत्तर येतं "खर्च निघाला बाबा". आता खर्च म्हणजे किती, किती गुंठ्यांवर, घरच्या माणसांचे दिवस धरून की सोडून, आणि दुकानातली उधारी मिटवल्यावर की आधी, हे विचारलं की समोरचा विषय बदलतो.

मी आमच्या बारा घरांच्या गटाचा हिशोब चार वर्षं बघतोय. सीए वगैरे काही नाही, बीकॉम करून घरची शेती करणारा माणूस. पण चार वर्षांत एक गोष्ट पक्की कळली की एकट्याची वही फक्त खर्च किती झाला ते सांगते, तो जास्त झाला की कमी हे शेजारच्याची वही बाजूला उघडून ठेवल्याशिवाय कळतच नाही. आणि एकट्याला हिशोबनीस परवडत पण नाही, २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी खातं १.३४ हेक्टर होतं, म्हणजे सव्वातीन एकर, तेवढ्या शेतीवर पगारी माणूस कोण ठेवणार. दहा-बारा घरं मिळून ठेवू शकतात. ही काही आपण शोधलेली गोष्ट नाही, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९२० च्या दशकापासून शेतकरी एकत्र येऊन असा माणूस नेमतायत, युरोपात १९६० च्या दशकापासून निवडक शेतांचे हिशोब एका साच्यात गोळा होतायत, आणि आपल्याकडे पण पिकांचा उत्पादन खर्च काढायची सरकारी योजना १९७०-७१ पासून चालू आहे. फक्त ते आकडे दिल्लीला जातात, आपल्या ओट्यावर येत नाहीत.

घरं कोणती घ्यायची

आठच्या खाली नको, पंधराच्या वर नको. आठच्या खाली तुलना होत नाही, पंधराच्या वर हिशोबनिसाला झेपत नाही. पिकं साधारण सारखी पाहिजेत, म्हणजे सगळ्यांकडे सोयाबीन-तूर आहे, कुणाकडे थोडा कांदा, कुणाकडे दोन म्हशी, हे चालतं. पण एकजण द्राक्षवाला आणि बाकी कोरडवाहू असं केलं तर द्राक्षवाल्याची वही कुणाच्याच कामाची नाही आणि त्यालाही इतरांची नाही.

भावकीतलीच सगळी घरं घेऊ नका. बांधाचा वाद असलेली दोन घरं तर एका गटात घेऊच नका, पुढे एकरी उत्पन्नाचा आकडा वाचताना त्याच वादाला फोडणी बसते.

नोंदणीच्या मागे सुरुवातीला लागायची गरज नाही. नुसता हिशोब ठेवायला ना संस्था लागते ना कंपनी. पुढे एकत्र खरेदी-विक्री करायची ठरली तर शेतकरी उत्पादक कंपनी काढता येते, त्याला किमान १० उत्पादक लागतात, पण तिथे दरवर्षी ऑडिट आलं, कागदपत्रं दाखल करणं आलं, त्याचा खर्च आला. ज्यांना स्वतःच्या शेताचा हिशोब ठेवायची सवय नाही त्यांनी कंपनीचा हिशोब डोक्यावर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी जमीन मोजा, मग वही उघडा

ही पायरी सगळे टाळतात आणि सगळी गडबड इथेच होते. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि प्रत्यक्ष पेरलेलं क्षेत्र वेगळं असतं, पोटखराबा (लागवडीला न येणारा तुकडा) असतो, विहीर-गोठा-रस्ता असतो, दोन भावांचा सातबारा एकच असतो आणि वहिवाट वेगळी असते. २०२१ पासून ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, आपणच मोबाईलवर करतो, पण तिथेही बरेचजण अंदाजानेच क्षेत्र टाकतात.

आमच्यात एकजण होता, पहिल्या वर्षी छाती फुगवून सांगायचा की एकरी ११ क्विंटल सोयाबीन काढलं. सगळे त्याच्याकडे बघून गप्प. मग मोबाईलच्या जीपीएसवर बांधाबांधाने फिरून ते "एक एकर" मोजलं तर निघालं ५४ गुंठे. एकर ४० गुंठ्यांचा असतो, म्हणजे उतारा (एकरी उत्पादन) पडला एकरी आठ क्विंटलच्या थोडा वर, बाकीच्यांसारखाच. माणूस खोटं बोलत नव्हता हं, त्याच्या आजोबांपासून त्या वावराला "एकराचं वावर" म्हणतात म्हणून तो पण म्हणत होता.

तर प्रत्येक वावराला नाव द्या (विहिरीचं, माळाचं, ओढ्याकाठचं, जे घरात म्हणतात तेच), चालत फिरून गुंठे मोजा, आणि दर हंगामात पेरणीनंतर आठ दिवसांत कोणत्या वावरात कोणतं पीक किती गुंठे हे एकदा लिहून टाका. आंतरपीक असेल तर ओळींच्या प्रमाणात क्षेत्र वाटा, चार ओळी सोयाबीन दोन ओळी तूर असेल तर दोन भाग-एक भाग, त्यावर जास्त डोकं चालवू नका, फक्त बाराच्या बारा घरांनी एकच रीत धरा म्हणजे झालं.

वही कशी पाहिजे

मोबाईल अॅपच्या नादाला आम्ही पण लागलो होतो. दोन महिने चालतं, मग फोन बदलतो, पासवर्ड विसरतो, नेट नसतं. शेवटी शंभरपानी वही आणि व्हॉट्सॲप एवढंच टिकलं. शेतकऱ्याने वहीत लिहायचं किंवा नुसता आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा, "आज माळाच्या वावरात तीन बाया खुरपायला, चारशेप्रमाणे, पैसे शनिवारी देणार", बास. गूगल शीट भरायचं काम हिशोबनिसाचं.

वहीत तीन भाग करा. पहिला रोजचा: तारीख, वावर, काम, माणसं किंवा मशीन, पैसे, रोख की उधार. दुसरा विक्रीचा: तारीख, माल, पोती, वजन, भाव, कपात, हातात आलेले पैसे. तिसरा घरच्या मजुरीचा, त्यावर पुढे बोलतो. फवारणी असेल तर औषधाचं नाव, किती पंप, कशासाठी, आणि लेबलवर काढणीच्या आधी किती दिवस थांबायला सांगितलंय, हे पण त्याच ओळीत. निर्यातीच्या किंवा प्रमाणपत्राच्या शेतीत ही नोंद मागतातच, पण साध्या शेतीतही पुढच्या वर्षी "मागच्या वेळी अळीला काय मारलं होतं" याचं उत्तर तिथे मिळतं.

वही कोण लिहिणार हे घरातच ठरवा. अनुभव सांगतो, ज्या सात घरांत वही बायकोने किंवा कॉलेजच्या पोरीने हातात घेतली तिथे एक दिवस चुकला नाही. जिथे कर्त्या पुरुषाने घेतली तिथे शनिवारी रात्री आठवडाभराचं आठवून लिहिणं चालू झालं, आणि आठवून लिहिलेल्यात डिझेल कायम विसरतं.

पावत्यांचं एक. काट्यावरची वजनाची पावती आणि पेट्रोलपंपाची पावती त्या चकचकीत कागदावर असते, खिशात घामाने आणि उन्हाने ती दोन-तीन महिन्यांत कोरी होते. आमच्या एका घराच्या डब्यात दिवाळीला बघितलं तर अकरा कागद, अकराही पांढरे. त्या दिवसापासून नियम केला, पावती हातात आली की तिथेच उभं राहून फोटो, फोटो ग्रुपवर नाही, फक्त हिशोबनिसाला. आणि मोंढ्यातली (धान्यबाजारातली) विक्रीची पट्टी नीट वाचा, कटती (वजनातली कपात) किती, हमाली किती, तोलाई किती, हे वेगवेगळं लिहा. "एवढे एवढे हातात आले" असं एकच लिहिलं की भाव पडला की कपात वाढली हे कधीच कळत नाही.

हिशोबनीस

गावातलाच, पण गटातल्या कुणाचा जवळचा नातेवाईक नसलेला, एक्सेल येणारा मुलगा किंवा मुलगी बघा. बारा घरांना आठवड्याला घरटी वीस मिनिटं धरली तर चार तास होतात, काढणीच्या वेळी दुप्पट. फुकट करून घेऊ नका. फुकटचा माणूस तिसऱ्या महिन्यात फोन उचलत नाही आणि त्याला काही बोलताही येत नाही. पैसे घरटी घ्यायचे की एकरी यावर आमच्याकडे दोन बैठका भांडण झालं, शेवटी अर्धे घरटी अर्धे एकरी असं ठरलं, कारण काम वाढतं ते पावत्यांवर, एकरांवर नाही, पण मोठ्या खातेदाराला फायदा जास्त होतो हेही खरं.

त्याच्याकडून एका कागदावर सही घ्या की एका घराचा आकडा दुसऱ्या घरात सांगणार नाही. आणि शीटची एक कॉपी महिन्याला दुसऱ्या माणसाच्या मेलवर गेलीच पाहिजे. आमचा पहिला मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा शीट त्याच्या खात्यावर आणि तो तिकडे कामात, सव्वा महिना आम्ही नुसते बसून होतो.

घरची मजुरी आणि सावड

घरची माणसं राबतात त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत म्हणून ते फुकट धरायचं, ही सगळ्यात मोठी चूक. दिवसाचे दोन भाग करा, अर्धा आणि पूर्ण, तासांच्या भानगडीत पडू नका. कोण, कोणतं वावर, अर्धा की पूर्ण. रुपये लिहायचे नाहीत, फक्त दिवस लिहायचे. हंगामाच्या शेवटी त्या कामाची गावातली रोजंदारी काय होती त्याने सगळ्यांना सारखं गुणायचं.

सावडीचं, म्हणजे पैसे न देता एकमेकांच्या शेतात कामाला जाण्याचं, जरा नीट समजून घ्या. तुम्ही तीन दिवस दुसऱ्याकडे गेलात तर तो तुमच्या पिकाचा खर्च नाही. तो माणूस तुमच्याकडे तीन दिवस आला की ते तीन दिवस तुमच्या पिकाला मजुरी म्हणून लागतात. म्हणजे जाण्याची नोंद फक्त फिटाफिट बघायला, येण्याची नोंद खर्चाला. आम्ही आधी दोन्ही लिहायचो आणि खुरपणी दुप्पट दिसायची, एका वर्षाचा हिशोब त्यात वाया गेला.

काय उत्पन्न नाही आणि काय खर्च नाही

पीककर्ज हातात आलं ते उत्पन्न नाही, मुद्दल भरलं तो खर्च नाही, व्याज तेवढा खर्च. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० आणि नमो शेतकरीचे पैसे वेगळ्या रकान्यात, पिकात मिसळू नका, नाहीतर तोट्यातलं पीक नफ्यात दिसतं. लग्न, दवाखाना, पोरांची फी शेतीच्या वहीत नको. पण घरी ठेवलेली वर्षाची तूर आणि ज्वारी मात्र त्या वेळच्या बाजारभावाने उत्पन्नात धरा, ती शेतानेच दिलीय ना. घरचं बियाणं तसंच, बाजारभावाने खर्चात.

ट्रॅक्टर, मोटर, ठिबक यांची किंमत एका वर्षात टाकू नका. ७ वर्षं चालेल असं वाटत असेल तर दरवर्षी सातवा भाग, आणि तो ज्या वावरांना वापर झाला त्यांच्यावर वाटून.

३१ मार्चला शिल्लक मोजा, पोती किती, खताच्या गोण्या किती, जनावरं किती, कुणाचं देणं-घेणं किती. खरीप पीककर्ज फेडायची तारीख तीच असते त्यामुळे कागद तसेही बाहेर निघालेले असतात.

एकरी कागद

आता खरा भाग. हंगाम संपला की हिशोबनीस प्रत्येक घराच्या प्रत्येक पिकाचा एकरी कागद काढतो. समजा एक एकर सोयाबीन, आकडे समजण्यापुरते आहेत. बियाणं ३० किलो २,४००, खत २,७००, तणनाशक आणि फवारण्या ३,२००, नांगरट-पाळी-पेरणी ४,०००, खुरपणी ३,०००, काढणीचं गुत्तं (ठरवून दिलेलं काम) ४,०००, मळणी १,८००, बारदाना-वाहतूक-हमाली ९००. झाले २२,०००. माल निघाला ८ क्विंटल, म्हणजे क्विंटलला २,७५०. बहुतेक माणसं इथेच थांबतात.

त्यात अवजारांचा घसारा (वर सांगितलेला दरवर्षीचा भाग) आणि कर्जाचं व्याज १,६०० घाला, २३,६००. सरकारी भाषेत ए२ म्हणतात तो साधारण हा. त्यात घरचे १४ दिवस ४०० ने, ५,६००, झाले २९,२००, हा ए२ अधिक एफएल (फॅमिली लेबर, घरची मजुरी), आणि केंद्र सरकार हमीभाव ठरवताना दीडपट म्हणतं ती या आकड्याची. मग स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि गुंतवलेल्या पैशाचं व्याज मिळून ८,४०० धरले की ३७,६००, हा सी२ च्या जवळचा.

क्विंटलमागे बघा: २,९५०, मग ३,६५०, मग ४,७००. आणि मोंढ्यात भाव मिळाला ४,३००. म्हणजे घरच्यांची मजुरी सुटून एकरी ५,२०० उरले, पण तीच जमीन ठोक्याने (ठरलेल्या भाड्याने) दिली असती तर काय झालं असतं हे धरलं की ३,२०० नी खाली. दोन्ही खरं आहे. क्विंटलच्या तीन आकड्यांतला पहिला सांगतो की यंदा घर चालेल का, तिसरा सांगतो की आणखी दोन एकर ठोक्याने करायला घ्यायची का. ठोक्याची शेती घेताना २,७५० डोक्यात ठेवून गेलेला माणूस बुडतो, आमच्यात दोघं बुडाले होते.

बैठक

दिवाळीनंतर एक आणि उन्हाळ्यात एक. भिंतीवर एकच मोठा तक्ता लावायचा, आडव्या ओळीत खर्चाची नावं, उभ्या रकान्यात घरं, पण नावाने नाही, १ ते १२ नंबरने. आपला नंबर फक्त आपल्याला आणि हिशोबनिसाला माहीत. (दुसऱ्या वर्षी सगळ्यांनी आपणहून नंबर सांगून टाकले, पण पहिल्या वर्षी लपवायलाच पाहिजे.) कर्ज आणि घरखर्च तक्त्यावर कधीच नाही.

बघायचं कसं, तर एकूण नफ्याकडे आधी बघू नका, त्यावर फक्त वाद होतो. एकेक ओळ आडवी वाचा आणि जिथे सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यात मोठं अंतर आहे तिथे बोट ठेवा. आमच्या पहिल्या तक्त्यात उतारा फार वेगळा नव्हता, फरक होता औषधांच्या ओळीत. तीच बाटली, तेवढीच मात्रा, एकाला ६४० आणि दुसऱ्याला ७८०. बिलं काढून बघितली तर ६४० वाला रोख आणि ७८० वाला पीक आल्यावर देणारा, पाच महिन्यांची उधारी. म्हणजे १४० रुपये जास्त, पाच महिन्यांना जवळजवळ २२ टक्के, वर्षाचं धरलं तर पन्नाशीच्या वर. आणि पीककर्ज ३ लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी, वेळेत फेडलं तर केंद्राच्या सवलतीने ४ टक्क्यांनी पडतं. हा माणूस बँकेत जायला कंटाळा म्हणून जात नव्हता, उधारीला तो व्याज समजतच नव्हता, कारण दुकानदार व्याज असं म्हणतच नाही, भाव म्हणतो. पुढच्या हंगामाला पाच घरांनी वेळेवर कर्ज नवं-जुनं केलं (जुनं फेडून नवं घेतलं) आणि औषधं-खतं एकदम रोखीने घेतली, यादी हिशोबनिसानेच मागच्या शीटवरून काढून दिली.

बैठकीत एका हंगामाला एकच बदल ठरवा. सगळ्यांनी बियाणं एकरी ३० किलोवरून २२ करायचं ठरवलं तर तीन घरांनी करून बघा, बाकीच्यांनी जुनंच ठेवा, नाहीतर पाऊस चांगला झाला की बियाणं कमी केल्यामुळे झालं असं वाटत राहतं.

भांडणं कुठे होतात

नोंदच न पाठवणाऱ्यावरून. आमचा नियम असा की सलग तीन आठवडे काही आलं नाही तर त्या घराला त्या हंगामाचा तक्ता बघायला मिळणार नाही, पैसे भरले असले तरी. कडक वाटतो, पण रिकामा रकाना घेऊन दुसऱ्यांचे आकडे वाचणाऱ्या माणसाबद्दल बाकीच्यांच्या मनात जे येतं ते त्याहून वाईट. दुसरं, गट सोडणाऱ्यावरून. सोडला तर त्याने स्वतःची शीट घेऊन जावी, गटाच्या जुन्या तक्त्यातले त्याचे आकडे नंबरानेच राहतील, हे पहिल्याच बैठकीत लिहून सह्या घ्या. आम्ही नव्हत्या घेतल्या. आठ नंबर गेला तेव्हा त्याला त्याचा रकाना पुसून पाहिजे होता, आणि तो पुसला तर दोन वर्षांच्या सगळ्या सरासऱ्या हलत होत्या, शेवटी तक्त्यावर तो रकाना ठेवला आणि वरचा ८ खोडून तिथे फुली मारली, ती अजून तशीच आहे.